अकरा मिनिटांची पकड

माझ्या तिसऱ्या पुस्तकात विहिरींवर चार पानं आहेत. विहिरीत माणूस अडकला तर काय करावं, गाळ काढताना काय काळजी घ्यावी, दोर कुठे आणि कसा बांधावा. चौथ्या पानाच्या तळाशी एक वाक्य आहे : 'बाकीच्यांना खाली उतरू देऊ नये.' ते लिहिण्याआधी मी अग्निशमन दलातल्या एका निवृत्त जवानाशी दोन दिवस बोललो होतो. वाशिमला बातमीदार असताना अशा विहिरींच्या बातम्याही दिल्या होत्या. पहिला माणूस वायूने बेशुद्ध पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो. तिसरा दुसऱ्याला. बहुतेक वेळा तिघं एकाच घरातले असतात. वाक्य बरोबर होतं. उतरू कसं द्यायचं नाही, हे त्यात नव्हतं, आणि ते नाही हे मला ठाऊकही नव्हतं.

मी कुस्तीवर लिहितो आणि जीव वाचवण्याच्या साध्या कौशल्यांवर लिहितो. पहिली दोन पुस्तकं मातीतल्या कुस्तीची. तिसरं पूर, वीज, सर्पदंश, आग, विहीर यांचं. वाचनालयात ती दोन वेगळ्या कपाटांत असतात आणि मलाही ते योग्य वाटत असे. एका कपाटात माणसं एकमेकांना पाडतात, दुसऱ्यात एकमेकांना उचलतात.

चौथ्या पुस्तकात कुस्तीतल्या पकडीवर एक प्रकरण करायचं होतं. त्यासाठी मे महिन्यातल्या एका सकाळी मी शेलूबाजारजवळच्या एका मळ्यात गेलो. मळा एका जुन्या पहिलवानाचा. वय अडुसष्ट, दोन्ही कान फुटून फुगलेले, मान जवळजवळ नाहीच. आता तो वांगी, मेथी आणि सांबार पिकवतो. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मी पोहोचलो तेव्हा तो निंबाच्या सावलीत पोतं अंथरून सांबाराच्या जुड्या बांधत होता. त्याने मला बसायला सांगितलं आणि समोर एक ढीग सरकवला. बोलायचं असेल तर हातही चालले पाहिजेत, असा त्याचा हिशेब असावा.

त्याची आणि माझी जुनी ओळख होती. ती एकतर्फी आहे, असं मी समजत होतो. बातमीदारीच्या पहिल्या वर्षी मी रिसोडला कुस्त्यांच्या एका दंगलीला गेलो होतो. तिथे त्याची कुस्ती चाळीस मिनिटं चालली. त्याने समोरच्याला धरलं, समोरच्याने सुटायचा प्रयत्न केला, तो सुटला नाही, आणि याने त्याला पाडलंही नाही. लोक ओरडायला लागले. ढेकळं आली. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. त्याच्या बहुतेक कुस्त्या अशाच सुटत.

"तुमीच लिहलं होतं ना," एक जुडी आवळत तो म्हणाला, "'लांबलेल्या कुस्तीमुळे प्रेक्षकांची निराशा'?"

मी होय म्हणालो.

"बराबर लिहलं. मीबी निराश झालतो."

"मग पाडलं का नाही?"

"पाडाले गेलं का आपलाबी तोल जाते. धरलं त धरलं." त्याने माझ्या हातातली जुडी घेतली, सोडली आणि पुन्हा बांधली. "हे पाहा, पेपरवाले. तुमची जुडी बाजारात जायलोक सुटते. आमचा वस्ताद म्हने, धरनं येते त्याले पाडनं शिकवता येते. पाडनं येते त्याले धरनं नाई शिकवता येत. मंग मले त्यानं पाडनं शिकवलंच नाई. विसरला असीन."

तो हसला नाही, म्हणून मीही हसलो नाही. ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधाच्या पलीकडचं, वावर दोन भावांचं होतं. तेही भाजीवाले. थोरला पस्तिशीचा, धाकटा त्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्यांच्या जुन्या विहिरीचं पाणी खाली गेलं होतं म्हणून ते दोन मजूर घेऊन गाळ काढत होते. आम्ही बोलत होतो तेव्हा सगळा वेळ पाणी उपसणाऱ्या पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज येत होता. तो आवाज विहिरीच्या आतून येत होता, हे मला उशिरा जाणवलं. मी विचारलं, इंजिन आत का?

"वरून पानी खेचत नाई. बावीस फुटावर टप्पा हाय खडकाचा, तिथी उतरवलं त्याइनं," तो म्हणाला. "मी सांगतलं कालच. म्हने काका, अर्ध्या घंट्याचं काम हाय."

माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर हेच आहे. इंजिन विहिरीत उतरवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही, आणि त्यात कंदील विझत नाही, म्हणून कंदील सोडून पाहण्याचा उपयोग नाही. त्या पुस्तकाची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत आहे. मी स्वतः दिली होती. कपाटाला कुलूप असतं.

इंजिनाचा आवाज थांबला. पहिलवान बोलता बोलता थांबला. त्याने डोकं एका बाजूला कलतं केलं, फुगलेल्या कानांची माणसं ऐकताना करतात तसं. मग बाईची हाक आली. ती धाकट्याची बायको होती. पहिल्या हाकेत नवऱ्याला बोलावणं होतं. दुसऱ्या हाकेत ते नव्हतं.

नेमकं काय घडलं ते नंतर जुळवलं. पाणी संपून इंजिन गाळ ओढायला लागलं, तेव्हा धाकटा भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत ते बंद करायला उतरला. इंजिन बंद झालं. त्याने वर पाहून हात केला. मग टप्प्यावर बसला, पाइपाला हात टाकला, आणि त्याची मान छातीवर आली. बायको काठावरून पाहत होती. थोरला गाळाची टोपली टाकायला पलीकडे गेला होता, तो धावत आला. त्याने काठावर पाय टाकला.

पहिलवानाच्या पोत्यापासून त्या विहिरीपर्यंतचं अंतर मी नंतर पावलांनी मोजलं. एकशे दहा पावलं, मध्ये धुरा. मी चाळीस-पंचेचाळीस पावलांवर असताना तो पोहोचला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस इतका कसा धावला, हे मी त्याला विचारलं नाही. बहुधा त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने थोरल्याला मागून धरलं. डावा हात त्याच्या डाव्या काखेतून छातीवरून पलीकडे, उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट. मग तो मागे बसला. ढकललं नाही, ओढलं नाही. नुसता खाली बसला, आणि थोरला त्याच्या मांडीवर बसल्यासारखा त्याच्याबरोबर खाली आला. पहिलवानाचे पाय बाहेरून येऊन त्याच्या मांड्यांवर पडले. बसलेल्या माणसाला उठायचं असेल तर आधी पुढे झुकावं लागतं. पुढे झुकायला जागा नव्हती.

मी घड्याळ पाहिलं. सवय आहे. दहा बेचाळीस.

"सोडा काका!" थोरला म्हणाला. "सोडा म्हनलं ना! माहा भाऊ मरून राह्यला!"

"माईत हाय."

"मंग सोडा!"

"नाई."

पुढचं मी सगळं लिहीत नाही. थोरला गावचा शांत माणूस म्हणून ओळखला जातो. त्याने काकाला बुढ्या म्हटलं, बुढ्याच्या सात पिढ्या काढल्या, तुझा मुलगा असता तर असाच बसला असता का, असं विचारलं. मग मान वाकवून त्याने पहिलवानाच्या हातात दात रोवले. मी चार हातांवर उभा होतो. रक्त आलं. हाताची पकड बदलली नाही. पहिलवानाचा चेहरासुद्धा बदलला नाही. तो विहिरीकडे पाहत होता.

"पोरी," तो धाकट्याच्या बायकोला म्हणाला, "निंबाच्या फांद्या तोड. मोठ्या, पाल्याच्या."

"आधी दादाले सोडा!"

"दादा उतरला का तोबी तिथीच बसन. मंग तू उतरशीन. मंग कोन राह्यते वावरात? फांद्या तोड. दोराले बांध, आत सोड, खालवर कर. ताक घुसयते तशी. हवा हालली पायजे."

ती क्षणभर उभी राहिली. मग कोयता घेऊन निंबाकडे पळाली. एका मजुराला त्याने हौदातलं पाणी बादल्यांनी समोरच्या भिंतीवर मारायला सांगितलं, धाकट्याच्या अंगावर पडणार नाही असं. पडत्या पाण्याबरोबर वरची हवा आत जाते. हेही माझ्या पुस्तकात आहे. ते मी त्याला सांगायचं, तर तोच बोलत होता आणि मी बादली उचलत होतो.

दुसरा मजूर फोनवर होता. पन्नाशीचा, मेडशीकडचा माणूस. त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला होता आणि घाबरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता.

"हिरीतली गाय काढून राह्यलो होतो साहेब, मानूस आतमंदी बेसुद पडला!"

पलीकडची मुलगी दूरच्या कुठल्या तरी शहरातली असावी. तिने विचारलं, गाय अजून विहिरीत आहे का.

"थोडी काढली, थोडी हाय!"

पलीकडे काही तरी टाइप केल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, गाय जिवंत आहे का.

"गाय कायची जित्ती राह्यते बाई! गाय हाय ते! काई घट, काई पातय!"

आमच्या वऱ्हाडात ळ चा य होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. त्याच्या तोंडी गाळाची गाय झाली होती, आणि पलीकडे ती चार पायांवर उभी होती. मी बादली टाकून फोन घेतला. गाळ, म्हणालो. चिखल. जनावर नाही. एक माणूस, विषारी वायू, ऑक्सिजन लागेल. गाव सांगितलं, महामार्गावरून कुठे वळायचं ते सांगितलं. तिने सगळं परत म्हणून दाखवलं. रुग्णवाहिका मंगरूळपीरहून निघणार होती. वीस-पंचवीस मिनिटं. दहा सेहेचाळीस झाले होते.

आता जे काही होतं ते आमच्या सहा जणांत होतं. धाकट्याची बायको पाल्याचा भारा दोरावर खाली सोडत होती, झपाट्याने ओढत होती, पुन्हा सोडत होती. तिचे तळवे सोलले. एक मजूर पाणी मारत होता. दुसऱ्याने फोन खिशात टाकला आणि गाडा बांधायचे दोन दोर आणले. मी पाणी मारलं. खाली धाकटा तसाच होता, मान छातीवर, हात पाइपावर. जिवंत आहे की नाही, हे वरून कळत नव्हतं.

पहिलवान थोरल्याच्या कानाशी काही तरी बोलत होता. सारखं, हलक्या आवाजात. मी बादली भरायला जाता-येता तुकडे ऐकले. "ढिला हो... हात ढिले सोड... नाकानं घे... लांब घे..." मला वाटलं, तो त्याची समजूत काढतोय. कुस्तीच्या पंचालाही तसंच वाटलं असतं : जोर संपलेला पहिलवान हळूहळू शांत केला जातो.

आठव्या मिनिटाला थोरला खरंच शांत झाला. हात मांडीवर पडले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

"आता सोडा," मी म्हणालो. "शांत झाला तो."

पहिलवानाने माझ्याकडे न पाहता मान हलवली. "शांत नाई झाला. दम भरून राह्यला."

त्याचं वाक्य संपायच्या आत थोरल्याने सगळं अंग एका झटक्यात डावीकडे फेकलं. असा झटका मी आखाड्यात चांगल्या पहिलवानांचा पाहिला आहे. त्याने पकड सुटते. ती सुटली नाही, कारण झटका यायच्या आधीच पहिलवान डावीकडे गेला होता. दोघं मिळून एक वीतभर सरकले आणि पुन्हा तसेच बसले. गाळावर त्यांची खूण उमटली, बस. एवढंच झालं. कुस्तीवर दोन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला त्या क्षणी कळलं की आपण आजवर फक्त पाडणाऱ्यांकडे पाहत आलो आहोत.

"दम भर," पहिलवान त्याच्या कानात म्हणाला. "भर. लागन."

पाल्याचा भारा वर येत होता, खाली जात होता. पाणी पडत होतं. मग पहिलवानाने मान कलती केली.

"थांबा," तो म्हणाला. "पानी थांबवा."

मजूर थांबला. मला काही ऐकू आलं नाही. बायको काठावर पालथी पडून खाली पाहत होती, तिलाही आलं नाही.

"खोकलला," पहिलवान म्हणाला.

"नाई वो काका..." ती म्हणाली, आणि काठावरून आणखी पुढे सरकली. "मान! मान हालली त्याइची!"

दहा त्रेपन्न. पहिलवानाने हात उघडले.

"आता जाय," तो थोरल्याला म्हणाला.

मी विरोध केला. अजून हवा पुरती बदलली नसेल, रुग्णवाहिका येतेय, तिच्यासोबतच्या माणसांना उतरू द्या, असं काही तरी म्हणालो. पुस्तकात असंच आहे, आणि वाचणाऱ्याने पुस्तकातलंच करावं, हे मी इथेही लिहून ठेवतो. पहिलवान ऐकत होता. ऐकता ऐकता तो थोरल्याच्या छातीला काखांखालून दोर बांधत होता. निरगाठ, तीही दोनदा ओढून पाहिलेली. दुसरा दोर त्याने थोरल्याच्या हातात दिला.

"हा त्याच्या काखेतून घाल. बांधनं झालं का तू आधी वर. त्याले आमी ओढू. आन बोलत राह्य. मी इचारीन, तू सांगशीन. बोलनं थांबलं का तुले ओढलंच समज, मंग तो तिथीच राह्यला तरी."

थोरला उठून उभा राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते हे : अकरा मिनिटं सगळ्या ताकदीने झगडलेला माणूस थकलेला नव्हता. छाती वरखाली होत नव्हती. तो कड्यांवर पाय ठेवत भराभर उतरला. दोराला पहिलवान, दोन्ही मजूर आणि मी.

"तुमच्या वावरात निंबं किती?" पहिलवानाने खाली विचारलं.

"चार!"

"खोटं बोलते. पाच हायेत."

"पाचवा तुमच्या धुऱ्यावर हाय!"

"मंग त्याच्या फांद्या तुमी काहून तोडता?"

"सावली आमच्याइकडे पडते म्हनून!"

हा वाद दोन्ही वावरांत बारा वर्षं चालू होता, असं नंतर कळलं. त्या तीन मिनिटांत तो पूर्ण झाला. शेळ्या कोणाच्या होत्या, पाइप कोणी फोडला, पोळ्याला बैल आधी कोणाचे निघाले, सगळं निघालं. थोरल्याची उत्तरं आखूड होत गेली. "नाई." "हो." "नाई." एका प्रश्नाला उत्तर यायला उशीर झाला, आणि पहिलवानाने दोर ताणला.

"बांधला!" खालून आवाज आला. "ओढू नका, बांधला, येऊन राह्यलो!"

तो वर आला, काठावर पालथा पडला आणि खोकला. मग आम्ही धाकट्याला ओढलं. वर येताना तो स्वतःहून पाल्याच्या भाऱ्याइतकाही हलला नाही. वर आल्यावर त्याला कुशीवर ठेवलं. श्वास चालू होता. उथळ, पण चालू. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घ्यायला पाहिलं, मी तिला थांबवलं आणि मान सरळ ठेवायला सांगितलं. त्या सकाळी माझ्या पुस्तकातून थेट उपयोगी पडलेली ती एकच गोष्ट.

रुग्णवाहिका सव्वाअकराला आली. ऑक्सिजन लावला. थोरला आणि धाकट्याची बायको आत बसले. मी माझ्या गाडीवर पहिलवानाला घेऊन मागून गेलो. त्याच्या हाताला गमछा बांधला होता आणि तो लाल झाला होता.

दवाखान्यात नर्सने गमछा सोडला. "कुत्रं चावलं का?"

"मानूस."

ती थांबली. "कोणता माणूस?"

"मांगं उभा हाय तो."

थोरला भिंतीशी उभा होता. नर्सने त्याच्याकडे पाहिलं, नोंदवहीकडे पाहिलं, आणि कोणत्या रकान्यात लिहावं याचा विचार करत राहिली. शेवटी तिने जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला, तो मला वाचता आला नाही.

दुपारी बाहेरच्या बाकावर बसून मी पहिलवानाला प्रश्न विचारले. उत्तरं त्याच क्रमाने देतो.

थोरल्याच्या कानात तुम्ही काय बोलत होता?

"दम कसा ठेवाचा ते. त्याले उतराचं होतं ना. झगडून झगडून रिकामा झालेला मानूस खाली पाठवून काय कराचं? दुसरा कोन उतरनार होता? हे मजूर बाहेरगावचे. तुमी..." त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "मी उतरलो असतो त वरून दोर कोन धरनार?"

म्हणजे पहिल्यापासून त्यालाच पाठवायचं ठरलं होतं?

"मंग. त्याचाच भाऊ हाय. मी फक्त टाइम बदलला."

मी हे वाक्य लिहून घेतलं नाही. मी तिथे उभा होतो, घड्याळ पाहत होतो, तपशील टिपत होतो, आणि मला वाटत होतं की एक माणूस दुसऱ्याला अडवतोय. त्याने त्याला अडवलं नव्हतं. आपली सगळी ताकद लावून तो थोरल्याची ताकद राखून ठेवत होता, आणि चावे खात होता.

धाकटा तेवढा वेळ काढेल, हे कशावरून ठरवलं?

"ठरवलं नाई. माईत नोतं."

गेला असता तर?

त्याने हातावरची पट्टी नीट केली. "त थोरला मले जल्मभर बोलला नसता," तो म्हणाला. "पन न बोलाले उरला असता."

पुढच्या आवृत्तीसाठी मी विहिरींवरचं ते चौथं पान पुन्हा लिहायला घेतलं आहे. एकदा मळ्यात जाऊन पहिलवानाला म्हणालो, मला धरा. त्याने धरलं. मी सुटायचा प्रयत्न केला. कुठेच दुखत नव्हतं, कुठेच आवळल्यासारखं वाटत नव्हतं, आणि तरी माझं अंग माझं राहिलं नव्हतं. दोन मिनिटांनी मीच थांबा म्हणालो. आकृती काढणाऱ्याला सोबत नेलं होतं. त्याने तीन चित्रं काढली. हात कुठे, पाय कुठे, सगळं बरोबर आहे. चित्रांखाली काय लिहावं, ते अजून ठरलेलं नाही.

दवाखान्यात त्या संध्याकाळी साडेपाचला डॉक्टरांनी सांगितलं की धाकटा बोलतोय, दोघांनी आत यायला हरकत नाही. बायको आधीच आत होती. थोरला दाराशी आला आणि थांबला. त्याने सदऱ्याची बटणं सोडली, छाती पाहिली, काखा पाहिल्या, दंड वळवून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"निशान नाई," तो म्हणाला. "एकबी नाई. मी इतका झगडलो, साहेब."

पहिलवान बाकावरून उठला नव्हता. थोरला त्याच्याकडे गेला आणि पट्टी बांधलेल्या हाताशी खाली वाकून बसला. पहिलवानाने दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला दाराकडे ढकललं.

मी त्याच्या मागून गेलो, खाटेपासून लांबच उभा राहिलो. धाकट्याचा आवाज बसला होता. त्याने आधी विचारलं, झरा लागला का. थोरला म्हणाला, मले काय माईत, पायलंच नाई कोनं. बायको ऑक्सिजनची नळी सरळ करत होती.

"मले ऐकू येत होतं," धाकटा म्हणाला. "हात हालत नोते, डोये उघडत नोते. पन तू वरतून शिव्या देऊन राह्यला होता काकाले. लय वंगाय. ते ऐकू येत होतं."

थोरल्याने मान खाली घातली.

"मले बरं वाटत होतं," धाकटा म्हणाला. "आवाज वरूनच येऊन राह्यला होता. म्हनलं, दादा उतरला नाई अजून."